नांव, पत्ता आणि वाट

जुन्या पुण्यांतील मोठ्या वाड्यांत पत्र आलें कीं, टपालवाला चौकांत उभा राहून नांवाचा पुकारा करी आणि ज्याचें पत्र असेल तो माडीवरून 'ओ' देई. पाकिटावर पेठ आणि घरनंबर लिहिलेला असे. परंतु वाड्यांतील वीस बिऱ्हाडांपैकीं नेमकें कोणतें, हें टपालखात्यास ठाऊक नसे, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नसे. गांवापासून वाड्यापर्यंतचें काम खात्याचें. वाड्याच्या आंतलें काम पुकाऱ्याचें. आज घरोघरीं जे संगणक आणि जे मोबाईल चालतात, त्यांचें परस्परांशीं होणारें दळणवळण याच दोन कामांच्या जोडावर उभें आहे. हा जोड कोणी, केव्हां आणि कोणत्या अडचणीपोटीं घातला, याची हकीकत लोकांस फारशी ठाऊक नाहीं. इंटरनेटचा इतिहास सांगणारे बहुधा समुद्राखालच्या तारांविषयीं आणि उपग्रहांविषयीं बोलतात. वाड्याच्या चौकाकडे त्यांचें लक्ष जात नाहीं.

या विषयांत शिरण्यापूर्वीं तीन शब्दांचा भेद ध्यानांत घेतला पाहिजे. झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेंतील जॉन शॉक यांनीं १९७८ सालीं एका टिपणांत तो फार सोप्या रीतीनें मांडला. ज्याचा शोध घ्यावयाचा तें नांवावरून कळतें. तें कोणत्या जागीं आहे तें पत्त्यावरून. आणि त्या जागीं जावें कसें, तें वाटेवरून. ऐकतांना हा भेद इतका उघड वाटतो कीं, त्यासाठीं टिपण लिहावें लागलें याचेंच नवल वाटावें. परंतु त्या काळीं संगणकांचीं जाळीं बांधणाऱ्या बहुतेकांनीं या तिन्ही गोष्टी एकांत एक मिसळल्या होत्या. आणि मिसळूनहि सारें सुरळीत चाललें होतें, हीच खरी अडचण होती.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशानें उभारलेल्या आर्पानेट या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजीं लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांतून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. या जाळ्यांत प्रत्येक ठिकाणीं कपाटाएवढें एक यंत्र बसविलेलें असे. तेथील मोठे संगणक त्या यंत्रास जोडीत, आणि हीं यंत्रें आपसांत भाड्यानें घेतलेल्या दूरध्वनीच्या तारांनीं जोडलेलीं असत. संगणकाचा पत्ता म्हणजे कोणत्या यंत्राच्या कोणत्या खुंटीस तो जोडला आहे, एवढेंच. एका खुंटीवरून काढून तो दुसरीवर लावला कीं त्याचा पत्ता बदले. आगगाडींतील आसनाचा क्रमांक हेंच प्रवाशाचें नांव मानावें, तशांतला हा प्रकार. मोजक्या आणि अवजड संगणकांच्या त्या जगांत त्यानें कोणाचें अडलें नाहीं. खोलीएवढा संगणक उचलून दुसरीकडे नेतो कोण?

या पद्धतीस धक्का बसला तो झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत. तेथें आल्टो नांवाचे लहान संगणक तयार होत होते. एक मोठा संगणक व त्यापुढें माणसांची रांग, याऐवजीं प्रत्येकाच्या मेजावर एकेक संगणक, ही त्या वेळीं अचाट वाटणारी कल्पना होती. मेजावरचे हे संगणक एकमेकांस जोडण्याचें काम रॉबर्ट मेटकाफ या तरुण अभियंत्याकडे आलें. हवाई बेटांवर नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ सालीं बेटाबेटांवरील स्थानकें रेडिओलहरींनीं संगणकास जोडलीं होतीं. तेथें प्रत्येकानें हवें तेव्हां बोलावें, दोघांचें बोलणें एकदम होऊन गोंधळ झाला तर थोडें थांबून पुन्हा बोलावें, असा नियम होता. मेटकाफ यांनीं ही रीत तांब्याच्या एका जाड तारेवर आणिली, आणि तींत दुसरें कोणी बोलत असेल तर आपण तोंड उघडूं नये, या सभ्य नियमाची भर घातली. २२ मे १९७३ रोजींच्या एका टिपणांत त्यांनीं या योजनेस ईथरनेट हें नांव दिलें. प्रत्यक्ष बांधणींत डेव्हिड बॉग्ज हे त्यांचे भागीदार होते.

या नांवांत थोडा विनोद आहे. एकोणिसाव्या शतकांतील पदार्थवैज्ञानिक प्रकाश वाहून नेणारें एक सर्वव्यापी द्रव्य कल्पीत आणि त्यास ईथर म्हणत. १८८७ सालीं मायकेलसन व मॉर्ले यांच्या प्रयोगांत त्या द्रव्याचा मागमूस लागला नाहीं, आणि पुढें शास्त्रानें त्याला रजा दिली. रजा मिळालेलें हें नांव पाऊणशें वर्षांहून अधिक काळानें एका तारेच्या वाट्यास आलें. परंतु तें चपखल होतें. तार सर्वांना सारखीच. एकानें उच्चारलेला शब्द तारेवरील प्रत्येकास ऐकूं येई. ज्याच्यासाठीं तो असेल त्यानें घ्यावा, इतरांनीं सोडून द्यावा.

आतां ज्याच्यासाठीं तो आहे त्यास तें कळावें कसें? म्हणून प्रत्येक संगणकास एक आंकडा दिला जाई. पहिल्या ईथरनेटवर हा आंकडा ८ बिटांचा होता. म्हणजे एकूण आंकडे २५६, आणि त्यांतील शून्य हा सर्वांस उद्देशून बोलण्यासाठीं राखून ठेवलेला. १९७६ सालीं मेटकाफ व बॉग्ज यांनीं या जाळ्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, तेव्हां सुमारें १ किलोमीटर लांब तारेवर १०० संगणकांचा अनुभव त्यांच्या गांठीं होता. तेवढ्यापुरते २५५ आंकडे पुष्कळ झाले. आंकडा यंत्राच्या पाठीमागें बारीक तारा जोडून ठरवावा लागे, आणि एका इमारतींत ही शिस्त राखणें अवघड नव्हतें. परंतु कारखान्यांतून हजारों यंत्रें बाहेर पडूं लागलीं म्हणजे कोणत्या गिऱ्हाइकानें कोणता आंकडा लावला, याची नोंद ठेवणार कोण? एकाच तारेवर एकाच आंकड्याचीं दोन यंत्रें आलीं तर दोघांचींहि पत्रें घोटाळ्यांत पडणार.

या प्रश्नाच्या उत्तराशीं मुंबईचा संबंध आहे. पवई येथील आय. आय. टी.मधून पदवी घेऊन योगेन दलाल हे स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले. तेथें व्हिंट सर्फ व कार्ल सनशाइन यांच्यासह त्यांनीं डिसेंबर १९७४ मध्यें जो नियमलेख लिहिला, त्यांत 'इंटरनेट' हा शब्द आढळतो. पुढें ते झेरॉक्समध्यें आले. त्यांनीं व रॉबर्ट प्रिंटिस यांनीं १९८१ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत एका धाडसी विचाराचें समर्थन केलें आहे: आंकडा गिऱ्हाइकानें ठरवूंच नये, कारखान्यानें तो यंत्राच्या जन्माबरोबरच द्यावा, आणि जगांत कोठेंहि, केव्हांहि, दुसऱ्या कोणत्याहि यंत्रास तो आंकडा पुन्हा देऊं नये. सप्टेंबर १९८० मध्यें डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनीं मिळून ईथरनेटचे जे नियम जाहीर केले, त्यांत या आंकड्याची लांबी ४८ बिट ठेवण्यांत आली. ४८ बिटांत एकूण २८१ लाख कोटी आंकडे बसतात. पुढें रूढ झालेल्या वहिवाटीप्रमाणें पहिले २४ बिट कारखान्याची ओळख सांगतात, उरलेल्या २४ बिटांत तो कारखाना १ कोटी ६७ लाखांहून अधिक यंत्रांस क्रमांक देऊं शकतो.

येथें एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयीं सुशिक्षितांतहि गैरसमज आढळतो. हा ४८ बिटांचा आंकडा लोक पत्ता म्हणून ओळखतात. वस्तुतः तो पत्ता नव्हे. तो नांव आहे. मुलाच्या जन्मपत्रिकेवरून तो आज कोणत्या गांवीं राहतो हें जसें सांगतां येत नाहीं, तसेंच या आंकड्यावरून यंत्र नागपुरास आहे कीं न्यूयॉर्कला, हें सांगतां येत नाहीं. एका तारेवर सारेच ऐकत असल्यामुळें तेथें नुसत्या नांवानें भागतें. तार संपली कीं नांवाचा उपयोगहि संपला.

तारेपलीकडच्या जगासाठीं दुसरी योजना चालली होतीच. सर्फ आणि रॉबर्ट कान यांनीं मे १९७४ मध्यें, भिन्न भिन्न जाळीं एकमेकांस कशीं जोडावींत याचा आराखडा मांडला होता. त्यांतून घडत गेलेले इंटरनेटचे नियम सप्टेंबर १९८१ मध्यें पक्के झाले, आणि १ जानेवारी १९८३ रोजीं सारें आर्पानेट त्या नियमांवर गेलें. या योजनेंतील पत्ता ३२ बिटांचा असून तो खरोखरीचा पत्ता आहे: त्याचा पुढचा भाग जाळें सांगतो, मागचा भाग त्या जाळ्यांतील संगणक. म्हणजे अगोदर गांव व पेठ, मग बिऱ्हाड. आर्पानेटवर हा मागचा भाग म्हणजे यंत्राचा व खुंटीचा क्रमांकच असल्यामुळें वेगळी चौकशी करावी लागत नसे. जुन्या ८ बिटी ईथरनेटवरहि तारेवरचा आंकडा पत्त्याच्या शेपटास जसाच्या तसा लावतां येई. परंतु नव्या ईथरनेटचा आंकडा ४८ बिटांचा. अठ्ठेचाळीसचा हंडा बत्तीसच्या कळशींत ओतावा कसा?

झेरॉक्सपुढें हा पेंच नव्हता. तिच्या स्वतःच्या पद्धतींत पत्ताच इतका लांब ठेवला होता कीं, जाळ्याचे ३२ बिट लिहून त्यापुढें यंत्राचें ४८ बिटी नांव अखंड लिहितां येई. पत्र पाहिलें कीं नांवहि कळे आणि गांवहि. ही रचना देखणी होती यांत शंका नाहीं. परंतु जगानें पत्करली ती दुसरी, तोकडी. आणि तोकड्या कापडास ठिगळ लावण्याचें काम मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. या संस्थेंतील डेव्हिड प्लमर यांनीं केलें.

प्लमर यांचा नियमलेख नोव्हेंबर १९८२ चा. त्याचें इंग्रजी नांव आडवारी लांब आहे. आद्याक्षरांवरून लोक त्यास 'आर्प' म्हणूं लागले. नियमलेखांची भाषा साधारणपणें रुक्ष असते, परंतु प्लमर यांनीं संगणकजाळ्यांच्या जगास अरण्याची उपमा देऊन तेथें नाना जातींचे प्राणी नांदतात असें विनोदानें म्हटलें आहे. तें खोटें नव्हतें. त्यांच्याच संस्थेंत केऑसनेट नांवाचें १६ बिटी पत्त्यांचें निराळें जाळें चालत होतें. म्हणून त्यांनीं आपली युक्ति केवळ इंटरनेटपुरती न ठेवतां कोणत्याहि लांबीचा पत्ता आणि कोणत्याहि लांबीचें नांव यांस लागू पडेल अशी आंखली.

युक्ति ती अशी. समजा, एका घरांतील संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.७ असून त्यास १९२.१६८.१.२० या पत्त्याच्या शेजाऱ्याकडे कांहीं पाठवावयाचें आहे. शेजाऱ्याचा पत्ता त्यास ठाऊक आहे, नांव ठाऊक नाहीं; आणि तारेवर तर नांवावांचून कोणी ऐकत नाहीं. मग तो पुकारा करतो. ४८ च्या ४८ बिट १ लिहिले म्हणजे तो शब्द सर्वांसाठीं आहे असें ठरलेलें आहे. तसें लिहून तो विचारतो: १९२.१६८.१.२० या पत्त्यावर कोण राहतो? तारेवरील सारे संगणक हें ऐकतात. ज्यांचा तो पत्ता नाहीं ते गप्प बसतात. ज्याचा आहे तो, सर्वांस नव्हे तर एकट्या विचारणाऱ्यासच, आपलें ४८ बिटी नांव कळवितो. विचारणारा तें आपल्या वहींत टिपून ठेवतो आणि आपलें मूळ पत्र त्या नांवानें रवाना करतो. इंटरनेटच्या पत्त्यांसाठीं हा सारा प्रश्न अवघ्या २८ बाइटांत मावतो.

दोन बारकावे यांत पाहण्यासारखे आहेत. विचारणारा आपल्या प्रश्नांतच स्वतःचें नांव आणि पत्ता लिहितो. त्यामुळें उत्तर देणाऱ्यास उलट चौकशी करावी लागत नाहीं. दाराबाहेरून हांक मारतांना आधीं आपण कोण तें सांगावें, ही घरंदाज रीत येथें यंत्रांस शिकविलेली आहे. दुसरी गोष्ट वहीची. वहींतील नोंद कायमची नसते; कांहीं वेळ गेला कीं ती पुसली जाते आणि गरज पडल्यास पुन्हा पुकारा होतो. संगणकाचा सुटा भाग बिघडून नवा बसविला तर नांव बदलतें, पत्ता तोच राहतो. जुनी नोंद जपून ठेवणारा अशा वेळीं मेलेल्या माणसास पत्रें लिहीत बसेल.

याहून सोप्या रीती नव्हत्या असें नाहीं. प्रत्येक संगणकांत सर्वांची यादी हातानें लिहून ठेवावी, ही एक. सर्वांनीं ठराविक वेळानें आपलें नांव व पत्ता आपण होऊन जाहीर करावा, ही दुसरी. प्लमर यांनीं या दुसरीचा हिशेब करून पाहिला. एका तारेवर १०० संगणक असून प्रत्येकानें १० मिनिटांनीं एकदां पुकारा केला तर दर ६ सेकंदांस एक पुकारा होईल. तारेस तो जड नाहीं. पण उपयोग काय? त्या १०० संगणकांस एकमेकांशीं क्वचितच बोलावयाचें असतें. त्यांचें काम दोनचार मोठ्या संगणकांशीं. मग प्रत्येकाच्या वहींत शंभर निरुपयोगी नोंदी कशाला? ज्यास गरज आहे त्यानें, गरज असेल तेव्हां विचारावें. एवढ्या साध्या हिशेबावर ठरलेली रीत चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली.

हें झालें शेजाऱ्याचें. पत्र तारेबाहेर जावयाचें असलें तर पुकाऱ्यास उत्तर देणार कोण? म्हणून पुकारा करण्यापूर्वीं संगणक एक बेरीजवजाबाकीइतकाच सोपा हिशेब करतो. २५५.२५५.२५५.० असा एक मुखवटा त्यास दिलेला असतो. तो स्वतःच्या पत्त्यावर ठेवला कीं पहिले तीन आंकडे उघडे राहतात. तोच पलीकडच्या पत्त्यावर ठेवावा. दोन्हीकडे उघडा भाग सारखा दिसला तर तो शेजारी, त्यास पुकारावें. निराळा दिसला तर तो परगांवचा. त्याला पुकारण्यांत अर्थ नाहीं. अशा वेळीं संगणक परगांवच्या माणसास न पुकारतां गांवच्या वेशीवर बसलेल्या यंत्राचें नांव विचारतो आणि पत्र त्याच्या हवालीं करतो. या यंत्रास आज राउटर म्हणतात. आरंभींचा शब्द वेस या अर्थाचाच होता, आणि तो अधिक बोलका होता.

पत्र राउटरच्या हातीं जातें तेव्हां त्यावर दोन वेष्टणें असतात. आंतल्या पाकिटावर मूळ पाठविणाऱ्याचा आणि अखेरच्या घेणाऱ्याचा इंटरनेटचा पत्ता. बाहेरच्यावर या तारेवरचीं दोन नांवें. राउटर बाहेरचें पाकीट फाडून टाकतो, आंतल्या पत्त्याचें गांव पाहतो, आपल्या कोष्टकांत त्या गांवाची वाट शोधतो आणि पुढल्या तारेवरील पुढल्या राउटरच्या नांवाचें नवें पाकीट चढवितो. मुंबईहून निघालेली टपालाची थैली दर जंक्शनावर फुटून नव्या थैल्या बांधल्या जात, पण आंतल्या पत्रावरील पत्त्यास कोणी हात लावीत नसे, तसेंच हें. राउटर आंतल्या पाकिटावरचा एक आंकडा मात्र बदलतो. प्रत्येक पत्रावर आयुष्याचा एक आंकडा असतो, तो प्रत्येक वेशीस एकानें कमी होतो. शून्य झाला कीं पत्र टाकून दिलें जातें. वाट चुकून गोल फिरणारीं पत्रें जगांत साठून राहूं नयेत म्हणून ही तजवीज.

गांवाच्या पोटांत पेठा पाडण्याची सोय मूळ नियमांत नव्हती. विद्यापीठांतून एकेका इमारतींत एकेक ईथरनेट आलें तेव्हां ही उणीव जाणवूं लागली. स्टॅनफर्डच्या जेफ्री मोगल यांनीं ऑक्टोबर १९८४ मध्यें पोटजाळ्यांची कल्पना मांडली आणि ऑगस्ट १९८५ मध्यें त्यांनीं व जॉन पोस्टेल यांनीं मिळून तिचा नियम केला. वर सांगितलेला मुखवटा हा त्याच नियमांतला. त्याच स्टॅनफर्डमध्यें विल्यम येगर यांनीं अनेक पद्धतींचीं पत्रें ओळखणारा राउटर चालविला होता. तेथील लिओनार्ड बोसॅक व सँड्रा लर्नर या दांपत्यानें डिसेंबर १९८४ मध्यें सिस्को ही कंपनी काढली, आणि वेशीवरचें यंत्र ही बाजारांत विकत मिळणारी वस्तु झाली.

ज्या जुन्या संगणकांस पोटजाळीं समजत नसत, त्यांच्यासाठीं एक गोड खोटेपणा रूढ झाला. पोस्टेल यांनीं ऑक्टोबर १९८४ मध्यें त्याचें वर्णन केलें आहे. असा संगणक परपेठेंतील माणसाचा पुकारा भाबडेपणानें आपल्याच तारेवर करी. तेव्हां वेशीवरचा राउटर त्या माणसाच्या वतीनें 'ओ' देई आणि स्वतःचें नांव सांगे. पत्र त्याच्याकडे येई, तो तें योग्य तारेवर पोहोंचवी. विचारणाऱ्यास आपली फसवणूक झाली हें कधींच कळत नसे, आणि काम मात्र बिनबोभाट होई. दुसऱ्याच्या वतीनें 'ओ' देण्याची ही वाट सज्जनांना खुली झाली, तशी ती इतरांनाहि खुली होती. त्याविषयीं पुढें येईलच.

त्याच सुमारास एक वाद पेटला. कांहीं अभियंते म्हणत, राउटर आणि त्याचीं कोष्टकें हवींत कशाला? दोन तारांमध्यें नुसता एक पूल बांधावा. कोणतें नांव कोणत्या बाजूस आहे हें पुलानें ऐकून ऐकून शिकावें आणि पत्रें इकडून तिकडे करावींत. संगणकांस कांहीं सांगावें लागत नाहीं, पत्ते बदलावे लागत नाहींत. पुलाची ही सोय खरी होती. परंतु पुलांची मांडणी चुकून वर्तुळाकार झाली तर एक पुकारा त्या वर्तुळांत कायमचा भोंवत राही आणि सारी तार बंद पाडी. कारण बाहेरच्या पाकिटावर आयुष्याचा आंकडा नाहीं. डिजिटल कंपनींतील रॅडिया पर्लमन यांनीं १९८५ सालीं यावर तोड काढली: पुलांनीं आपसांत बोलून कांहीं वाटा आपण होऊन बंद कराव्यात, म्हणजे जाळ्याचें रूप फांद्या फुटलेल्या झाडासारखें राहील आणि वर्तुळ उरणार नाहीं. या रीतीवर त्यांनीं एक लहानशी कविताहि रचली. त्यांच्या या शोधामुळें पुलांची वाढ निर्धोक झाली, आणि आज कचेरींतील स्विच नांवाचीं खोकीं हे त्याच पुलांचे वंशज होत. तरी मूळ आक्षेप उरतोच. पुलानें जोडलेल्या तारा कितीहि झाल्या तरी तो एकच वाडा. चौकांतला प्रत्येक पुकारा प्रत्येक बिऱ्हाडांत ऐकूं जातो. शंभर बिऱ्हाडांत तें चालतें. लाख बिऱ्हाडांत नुसता पुकाऱ्यांचाच गलका होईल. नांवांच्या राशींतून गांव शोधतां येत नाहीं; त्यासाठीं पत्ताच लागतो. या वादांत राउटरवाल्यांची बाजू अधिक बळकट होती, आणि जग मोठें होत गेलें तसतशी ती आपोआप सिद्ध झाली.

वाटांचीं कोष्टकें कशीं भरतात हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. घरांतील राउटरला दोनच वाटा ठाऊक असतात: एक घरांत, एक बाहेर. मोठ्या संस्थांत आरंभीं जी रीत चालली तिचे नियम चार्ल्स हेड्रिक यांनीं जून १९८८ मध्यें लिहून काढले. प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनीं शेजारच्या राउटरांस सांगतो, अमुक गांव माझ्यापासून इतक्या वेशींवर आहे. ज्याच्याकडून सर्वांत लहान आंकडा ऐकूं येईल ती वाट धरावयाची. शेजारच्या सांगण्यावर चालणाऱ्या या रीतींत अफवाहि पिकतात. एखादें गांव तुटलें असतां दोन राउटर, 'माझ्याकडे नाहीं तर तुझ्याकडे वाट असेल', असें एकमेकांस सांगत आंकडा वाढवीत बसतात. म्हणून १५ पलीकडचा आंकडा म्हणजे वाटच नाहीं असें ठरवून टाकलें होतें. अर्थात् १५ वेशींहून लांब पसरलेल्या जाळ्यास ही रीत निकामी झाली, आणि तेथें दुसऱ्या रीती आल्या.

भारतांत या साऱ्याचा प्रवेश १९८६ सालीं सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या द्वारें झाला. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आय. आय. टी. या दोन्ही संस्था त्यांत आरंभापासून होत्या. सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगमाकडून.

आतां त्या खोट्या 'ओ' विषयीं. प्लमर यांच्या रीतींत उत्तर देणाऱ्याची ओळख पटविण्याची कांहींच सोय नाहीं. किंबहुना कोणी न विचारतांच उत्तर पाठविलें तरी पुष्कळ संगणक तें वहींत टिपून घेतात. एका संस्थेंतील, एकमेकांस ओळखणाऱ्या माणसांच्या तारेवर याचें कांहीं वाटलें नाहीं. परंतु तारेवर एखादा लबाड शिरला आणि 'वेशीवरचा राउटर तो मीच' असें त्यानें सांगितलें, तर साऱ्या वाड्याचीं पत्रें प्रथम त्याच्या हातीं पडतील. तीं वाचून, वाटल्यास बदलून, तो खऱ्या राउटरकडे देईल, आणि कोणास पत्ताहि लागणार नाहीं. स्टीव्हन बेलोव्हिन यांनीं १९८९ सालीं इंटरनेटच्या नियमांतील दोष दाखविणारा जो निबंध लिहिला त्यांत या दोषाचाहि निर्देश आहे. पुढें तर हें काम करणारे तयार प्रोग्राम कोणालाहि मिळूं लागले. यासाठीं प्लमर यांस दोष देणें अन्यायाचें होईल. त्यांच्यापुढें प्रश्न नांव सांपडण्याचा होता, चोर पकडण्याचा नव्हता. पण ती रीत उपाहारगृहांत आणि विमानतळांवर, जेथें शेजारी कोण हें कोणासच ठाऊक नसतें अशा ठिकाणीं, तशीच नेऊन बसविणाऱ्यांनीं विचार करावयास हवा होता. त्यावर मुख्य इलाज झाला तो पुकाऱ्यांत नव्हे, पत्रांत: पत्रच कुलूपबंद करून पाठवावें, म्हणजे तें कोणाच्याहि हातीं पडलें तरी वाचतां येऊं नये. बँकेच्या किंवा सरकारी कचेरीच्या पृष्ठावर जें कुलपाचें चित्र दिसे, तें याच इलाजाचें चिन्ह होय.

३२ बिटांचे ४२९ कोटी पत्ते जगास पुरणार नाहींत हें १९९० नंतर स्पष्ट झालें, आणि डिसेंबर १९९५ मध्यें १२८ बिटी पत्त्यांचे नवे नियम आले. त्यांत सर्वांस ऐकूं जाणारा पुकारा काढून टाकण्यांत आला. त्याऐवजीं पत्त्याच्या शेवटच्या २४ बिटांवरून एक लहान गट ठरतो आणि पुकारा त्या गटापुरताच होतो. बहुधा त्या गटांत विचारलेला संगणक एकटाच असतो. म्हणजे चौकांत ओरडण्याऐवजीं नेमक्या दारावर थाप. आणि नव्या पत्त्यांत जागा इतकी ऐसपैस होती कीं, त्याच्या मागच्या ६४ बिटांत यंत्राचें ४८ बिटी नांव भर घालून सरळ लिहितां येऊं लागलें. झेरॉक्सची जुनी, देखणी रचना वीस वर्षांच्या आंत अशी पुन्हा अवतरली.

परंतु तेवढ्यांत जग बदललें होतें. संगणक आतां मेजावर बसून राहत नव्हता, माणसाबरोबर हिंडत होता. जन्माचें नांव पत्त्यांत लिहिल्यामुळें तो जेथें जाई तेथें त्याच्या पत्त्याचें शेपूट तेंच राही, आणि त्यावरून एखादा मनुष्य आज कोठें होता व उद्यां कोठें गेला, हें दूर बसलेल्या परक्यास जुळवितां येई. थॉमस नार्टेन व रिचर्ड ड्रेव्हज यांनीं जानेवारी २००१ मध्यें या शेपटाऐवजीं अधूनमधून बदलणारा, मनास येईल तसा आंकडा घालण्याची रीत सांगितली. तरीहि तारेवर, किंवा आतां तारेची जागा घेतलेल्या बिनतारी लहरींवर, यंत्राचें खरें नांव उघड ऐकूं येतच होतें. दुकानापुढून जाणारा मोबाईल आपलें नांव घेत घेत जाई, आणि तें टिपून ठेवणारे निघाले. २०१९ सालच्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० सालच्या आय. ओ. एस. १४ पासून मोबाईल प्रत्येक जाळ्यास निराळें, बनावट नांव सांगूं लागले. ४८ बिटांच्या नियमांत, नांव कारखान्याचें आहे कीं घरीं ठेवलेलें आहे हें दाखविणारा एक बिट पूर्वींपासूनच राखून ठेवलेला होता. मोबाईल तो बिट प्रामाणिकपणें १ करून ठेवतो. राउटर तें टोपणनांव वहींत लिहून घेतो, आणि १९८२ च्या रीतीप्रमाणें पुकारा झाला कीं मोबाईल त्याच टोपणनांवानें 'ओ' देतो.